पन्नास रुपयांचा प्रामाणिकपणा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत या वाचक समुपदेशक आहेत. संस्थेने मानधनावर नेमलेलं पद, दुसरं वर्ष, पाचवी ते दहावीच्या चौदा तुकड्या आणि त्या एकट्या. यंदा जूनपासून ‘महिन्याचा सद्गुण’ हा उपक्रम त्यांच्याकडे आला. जूनमध्ये नीटनेटकेपणा, जुलैत वक्तशीरपणा, ऑगस्टमध्ये प्रामाणिकपणा, सप्टेंबरमध्ये आज्ञाधारकपणा, असं मार्चपर्यंत. प्रत्येक तुकडीवर त्यांनी आठवड्याला एक तास घ्यायचा. ज्याच्यात गुण दिसेल त्याला तारा द्यायचा. व्हरांड्यातल्या फलकावर एका बाजूला तारे मिळवलेल्यांची नावं, दुसऱ्या बाजूला ‘सुधारणा हवी’ या मथळ्याखाली बाकीच्यांची.

ऑगस्टमध्ये सातवीतल्या एका मुलाने मैदानावर सापडली म्हणून ५० रुपयांची नोट कार्यालयात जमा केली. तारा मिळाला, परिपाठात नाव पुकारलं गेलं. आठ दिवसांनी त्याची आई शाळेत आली. घरातल्या डब्यातले ५० रुपये गेले होते. त्याच सुमारास नववीतल्या एका मुलीने गणिताच्या चाचणीत कॉपी केल्याचं समुपदेशकांना विश्वासाने सांगितलं. आता मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या प्रगतिपुस्तकासाठी प्रत्येक मुलाची ‘चारित्र्यनोंद’ मागितली आहे.

त्या विचारतात, “माझं शिकवणं कुठे कमी पडलं? गुण खरोखर रुजवायचे तर काय करू? त्या मुलीचं सांगितलं तर विश्वासघात, लपवलं तर मीच अप्रामाणिक. मग कोणत्या तोंडाने प्रामाणिकपणा शिकवू?”

उत्तर :

नमस्कार,

चार पानांच्या तुमच्या पत्रात त्या सातवीतल्या मुलाला जेमतेम पाच ओळी मिळाल्या आहेत. मी त्याच्यापासूनच सुरुवात करते. उपक्रमाचं काय ते दिवाळीनंतरही ठरवता येईल, त्याचं या आठवड्यात करायला हवं.

त्याने घरातून न विचारता पैसे घेतले, हे चुकलंच. पण ते वडापाववर उडवले नाहीत, सरळ कार्यालयात नेऊन दिले. म्हणजे त्याला पैसे नको होते, परिपाठात नाव हवं होतं. जून-जुलैत तो एकदाही ताऱ्यांच्या बाजूला आला नव्हता, हे तुम्हीच ओघात लिहून गेला आहात. ऑगस्टमध्ये ‘प्रामाणिक’ ठरायचं तर काहीतरी सापडायला हवं, आणि वस्तू काही आपल्या सोयीने कुणी हरवत नाही. त्याने सोय केली. कार्यालयात त्या महिन्यात खोडरबर-पेन्सिलींचा ढीग जमला होता, असंही तुम्ही लिहिता. एरवी वर्षभर कुणी आणून न दिलेले खोडरबर अचानक सापडायला लागले, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण तारे वाढत होते, आणि वाढते तारे सगळ्यांनाच आवडतात.

आता करायचं ते. त्याला परिपाठात उभं करून कबुली द्यायला लावू नका. तारा सर्वांसमोर काढून घेऊ नका. एकट्याला बोलवा. ‘का केलंस?’ या प्रश्नाला मुलांकडे ‘चुकलं’ याखेरीज उत्तर नसतं, म्हणून तो टाळा. नाव पुकारलं तेव्हा कसं वाटलं आणि आई शाळेत आली तेव्हा काय वाटलं, एवढं विचारा आणि थांबा. ती नोट बहुधा बेवारस म्हणून कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल. ती क्लार्ककडून घेऊन त्याच्या हाताने आईला द्यायला लावा, तुम्ही सोबत असताना. आईशी त्याआधी स्वतंत्र बोला, घरी मार बसणार नाही एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. आणि प्रकरण संपलं असं वर्गशिक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी कुणाचा कंपास हरवला की पहिली झडती याच्याच दप्तराची होईल.

‘माझं शिकवणं कुठे कमी पडलं’ असं तुम्ही विचारता. मला तर ते अगदी पोचलेलं दिसतं. फलकाने मुलांना सांगितलं की जो दिसतो तो गुण. मुलं हुशार असतात, त्यांनी ऐकलं.

यात नवीन काही नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो, तुम्हीही वाचला असेल. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंस तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांजवळ गेली. ज्यांना न सांगता, अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये तर वीस महिन्यांच्या बाळांवर हे पाहिलं. पडलेली वस्तू उचलून दिल्याबद्दल ज्यांना खेळणं मिळालं, ती बाळं पुढे मदतीला कमी धावली. ज्यांना नुसतं शाबास म्हटलं किंवा काहीच दिलं नाही, ती धावत राहिली. म्हणजे कौतुकाला माझा विरोध नाही. आधी जाहीर केलेला, मोजता येणारा आणि सगळ्यांसमोर टांगलेला दर लावण्याला आहे.

त्या फलकाबद्दल आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही. जूनचा नीटनेटकेपणाचा तारा कुणाला मिळाला, ती यादी काढून बघा. ज्यांच्याकडे गणवेशाचे दोन जोड आहेत, त्यांना. जुलैचा वक्तशीरपणाचा तारा? ज्यांची घरं शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहेत, त्यांना. वाड्यावस्त्यांवरून येणारी पोरं एसटी वेळेवर आली तर वेळेवर येतात. त्यात एसटीचा वक्तशीरपणा दिसतो, पोरांचा नाही. तुमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात फडावर येणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतर वर्गात दाखल होतील. ती येतील तेव्हा पाच महिन्यांचे तारे आधीच वाटून झालेले असतील. आपण परिस्थितीला चारित्र्य म्हणू लागलो की गरीब मूल आपोआप ‘सुधारणा हवी’च्या बाजूला जातं. ती बाजू उद्या सकाळी उतरवा. बाकीच्या फलकासाठी मुख्याध्यापकांची परवानगी लागेल, या अर्ध्यासाठी लागू नये. विचारलंच तर शिक्षण हक्क कायद्याचं, २००९ चं, कलम १७ दाखवा. मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही करता येत नाहीत. तीन महिने व्हरांड्यात नाव टांगणं हा त्रास नाही असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने आठवडाभर शिक्षक-कक्षाच्या दारावर स्वतःचं नाव टांगून पाहावं.

आता उपक्रमाच्या मुळाशी येते. गुण मुलाच्या आत कुठेतरी साठवलेला असतो, महिन्याला एक बरणी याप्रमाणे भरत गेलं की दहावीला मूल संस्कारांनी भरून बाहेर पडतं, अशी एक समजूत त्यामागे आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी १९२० च्या दशकात ती तपासली. ८ ते १६ वर्षांच्या दहा हजारांहून अधिक मुलांना त्यांनी खोटं बोलण्याच्या, फसवण्याच्या, पैसे ठेवून घेण्याच्या संधी दिल्या. वर्गात, घरी, खेळात, पार्टीत. १९२८ मध्ये निष्कर्ष आले. एका ठिकाणी प्रामाणिक असलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी तसंच वागेल याची फारशी खात्री देता येत नव्हती. पेपर स्वतः तपासायला दिला की गुण वाढवणारं मूल खेळात नियमाने वागत होतं, आणि उलटही. पुढच्या अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळून सांगितलं, आणि ते मला पटतं, की अनेक प्रसंग एकत्र धरले तर थोडा कायमचा कल दिसतो. सगळंच प्रसंगावर सोडून देता येत नाही. पण एका प्रसंगावरून, एका ताऱ्यावरून किंवा ५० रुपयांच्या एका नोटेवरून मुलाची ‘चारित्र्यनोंद’ लिहिता येत नाही, हे नक्की.

गुणांचे तास घेऊन फरक पडतो का, याचीही उत्तरं दोन प्रकारची आहेत आणि तुम्हाला दोन्ही माहीत असावीत. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये अशा सात शालेय उपक्रमांची तपासणी प्रसिद्ध केली. तिसरीपासून पाचवीपर्यंत मुलांचा मागोवा घेतला, आणि सरासरी पाहता वागण्यात, शाळेच्या वातावरणात किंवा अभ्यासात फरक आढळला नाही. लगेच २०११ मध्ये जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २१३ उपक्रमांचा एकत्रित आढावा मांडला, सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा. तिथे मात्र वागणूक सुधारलेली दिसली, अभ्यासही. चांगले निकाल देणाऱ्या उपक्रमांत काय होतं? कौशल्यं टप्प्याटप्प्याने शिकवली होती, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेतली होती, त्यांना ठरावीक वेळ दिला होता, आणि नेमकं कोणतं कौशल्य हे आधी ठरलं होतं. शिवाय हे काम वर्गावरचे नेहमीचे शिक्षक चांगलं करू शकत होते. हा शेवटचा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. चौदा तुकड्यांचे चौदा तास तुमच्या डोक्यावर आहेत आणि मुलांशी एकेकट्याने बोलायला वेळ उरत नाही, असं तुम्ही लिहिता. तुम्हाला ज्या कामासाठी नेमलं, तेच या उपक्रमाने खाल्लं आहे.

‘प्रामाणिकपणा’ हा विषय मोठा आहे, वर्गात हाती लागत नाही. ‘चूक झाली आणि कुणी पाहिलं नाही, तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं’ हे हाती लागतं. सातवीवर एक तास असा घ्या. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली, सर बाहेर आहेत. चौघांच्या गटात दोन मिनिटं करून दाखवा. पहिल्यांदा सगळे गट आदर्श वागतील, मुलांना तुम्ही कोण आहात हे माहीत आहे. मग कोरे कागद वाटा, नाव लिहायचं नाही, आणि एकच प्रश्न द्या : खरं सांगावंसं वाटलं तरी काय आडवं येतं? उत्तरं वाचताना तुम्हाला नवल वाटणार नाही. मार बसेल. घरी फोन जाईल. सगळ्यांसमोर बोलतील. मागच्या वेळी सांगितलं तर मलाच शिक्षा झाली. आता या अडचणी धरून तोच प्रसंग पुन्हा करायला लावा, आणि खरं सांगायचं पहिलं वाक्य प्रत्येकाकडून तोंडाने म्हणवून घ्या. “सर, माझ्याकडून नळी फुटली, मी काच गोळा करू का?” हे वाक्य तोंडात बसायला लागतं. सुविचार फळ्यावर लिहून ते बसत नाही.

ते कागद फेकू नका. मुलांना सांगून, अक्षर ओळखू येणार नाही असं पुन्हा लिहून, ते शिक्षक सभेत वाचा. मुलांना खरं बोलायला शिकवायचं असेल, तर खरं बोलण्याची किंमत मोठ्यांनी कमी करायला हवी. नळी फुटल्याचं आपणहून सांगणाऱ्याला नळीचे पैसे आणि वर ओरडा, आणि न सांगणाऱ्याला काहीच नाही, असा हिशेब चालू असेल तर तुमचे चौदा तास पाण्यात. यातून एखादा लहान नियम निघाला तरी पुरे. आपणहून सांगितलं तर घरी फोन नाही, नुकसान कसं भरायचं ते मुलाशी बसून ठरवायचं. हा नियम सगळ्या शिक्षकांनी पाळला, तर एका सत्रात तुम्हाला वर्गाचा सूर बदललेला दिसेल.

आणि हो, तपासणीच्या आदल्या आठवड्यात मुलांना मागच्या तारखा घालून वह्या पूर्ण करायला बसवतात, ते तुमच्याकडेही चालतं का? बहुतेक ठिकाणी चालतं. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या प्रकल्पाला दहापैकी नऊ, आणि स्वतः वाकडंतिकडं केलेल्याला सहा, हेही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुख्याध्यापकांशी पहिल्याच भेटीत हा विषय काढू नका, तेवढा धोरणीपणा हवा. पण ऑगस्टमध्ये प्रामाणिकपणा आणि सप्टेंबरमध्ये मागच्या तारखा, हे मुलं जोडून पाहतात याची जाणीव ठेवा.

सद्गुणांच्या यादीबद्दल. आपल्याकडे मूल्यशिक्षण काही नवीन नाही. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्म सहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा ही दहा मूल्यं महाराष्ट्रातल्या शाळांत वर्षानुवर्षं भिंतीवर रंगवलेली आहेत. गंमत अशी की या दहांपैकी भिंतीवरून परिपाठात उतरतात ती बहुधा शेवटची दोन, कारण ती तपासायला सोपी. तुमच्या संस्थेच्या यादीतही तीच सुरुवातीला आहेत, आणि स्त्री-पुरुष समानता तर यादीतच नाही. उलट सप्टेंबरला ‘आज्ञाधारकपणा’ आहे. याला तुम्ही समुपदेशक म्हणून हरकत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जुलैत तुम्ही पाचवी-सहावीला चांगल्या-वाईट स्पर्शाचं सत्र घेतलंत. ओळखीचा मोठा माणूस असला तरी नको वाटलं तर ‘नाही’ म्हणा, तिथून निघून या, सांगा. दोन महिन्यांत त्याच मुलांना त्याच ताईने ‘मोठ्यांचं ऐका’ याचे तारे द्यायचे? मुलं यातलं कुठलं खरं धरणार? यादीत बदल सुचवायचा तर ‘आज्ञाधारकपणा’ काढून ‘प्रश्न विचारणं’ किंवा ‘चुकीच्या गोष्टीला नाही म्हणणं’ घाला. संस्थाचालकांना ते थोडं बंडखोर वाटेल. संविधानाची उद्देशिका रोज परिपाठात म्हणतो, तिच्याशी जोडून मांडा, मग कुणाला नाही म्हणता येणार नाही. शाळेच्या कपाटात ‘मूल्यवर्धन’ची पुस्तकं कुठे पडली असतील तर तीही शोधा. २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झालेला हा उपक्रम संविधानातल्या मूल्यांवर उभा आहे आणि त्यात जोडीने, गटाने करायच्या कृती आहेत. आयत्या मिळतील.

आता तुमचा मुख्य पेच. मी सगळं पत्र वाचून एका निष्कर्षाला आले आहे. तारे वाटणारी ताई आणि ऐकून घेणारी ताई या दोन्ही तुम्ही होऊ शकत नाही. जिच्या हातात माझी चारित्र्यनोंद आहे, तिला मी कॉपी केली हे सांगेन का? त्या नववीतल्या मुलीने तरीही सांगितलं, यावरून ती किती अडचणीत आहे ते कळतं. तुम्ही लिहिता की दहावीनंतर शिकवायचं की नाही हे यंदाच्या गुणांवर ठरवू, असं वडिलांनी तिला सांगितलं आहे. मग कॉपी हा त्या गोष्टीतला सगळ्यात लहान भाग आहे. शिक्षण थांबलं तर त्या घरात पुढे काय ठरेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिचं नाव मुख्याध्यापकांना सांगू नका. आणि यात तुम्ही अप्रामाणिक ठरत नाही. खोटं बोलणं आणि विश्वासाने सांगितलेलं राखणं यांत फरक आहे, फक्त तो फरक तुम्ही उघडपणे पाळायला हवा. मुख्याध्यापकांनी थेट विचारलं तर ‘मला काही माहीत नाही’ म्हणू नका, ते खोटं होईल. ‘मुलं मला जे सांगतात ते मी सांगणार नाही, धोका असेल तर मात्र लगेच सांगेन’ असं म्हणा. धोका म्हणजे काय तेही सगळ्या मुलांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा : मूल स्वतःला इजा करणार असेल, कुणी त्याला इजा किंवा अत्याचार करत असेल, किंवा त्याच्याकडून दुसऱ्याला धोका असेल. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याच्या, २०१२ च्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे गोपनीयता नाही, मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाटही पाहायची नाही. मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक फलकावरच्या रिकाम्या झालेल्या अर्ध्या भागात लावा. जागा आहेच आता.

मुलीसोबत पुढे जाताना कॉपी सांगायची की नाही, कुणाला आणि कधी, हे तिलाच ठरवू द्या. तिने ठरवलं तर गणिताच्या शिक्षकांकडे तिच्यासोबत जा, बोलू मात्र तिला द्या. वडिलांना भेटायला बोलवा ते तिच्या अभ्यासासाठी म्हणून, कॉपीसाठी म्हणून नाही. वर्गशिक्षिकेशी वडिलांचं बरं जमत असेल तर त्या असल्या तर उत्तम.

राहिली चारित्र्यनोंद. ती देऊ नका, पण नुसता नकारही देऊ नका. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आधीच असतात आणि त्या वर्गशिक्षक लिहितात, कारण त्यांनी मुलाला रोज पाहिलेलं असतं. त्या चांगल्या कशा लिहायच्या हे शिकवायला तुम्ही शिक्षकांसोबत दोन तास बसा. ‘प्रामाणिक आहे’, ‘उद्धट आहे’ असं लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं. ‘गटातल्या भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेतल्या’ ही नोंद पालकाला काहीतरी सांगते. ‘सौजन्यशील’ या शब्दाने कुणाला काही कळत नाही.

मुख्याध्यापकांना खलनायक समजू नका. वर्षभरात दोन मारामाऱ्या, पालकांच्या तक्रारी, संस्थाचालकांचा ‘काहीतरी करा’ हा फोन, यातून हा फलक उभा राहिला आहे. त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी हवं आहे. ते तुम्ही द्या. दुसऱ्या सत्रासाठी दोन तुकड्या मागा, सातवी आणि आठवीची एकेक. तिथे फलक नाही, तारे नाहीत. तास वर्गशिक्षकांनी घ्यायचे आणि त्याची आखणी तुम्ही करून द्यायची. नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या शेवटी एक निनावी चिठ्ठी भरून घ्या. त्यात हा प्रश्न हवाच : ‘माझ्याकडून चूक झाली तर ज्याला सांगता येईल असा एक तरी मोठा माणूस या शाळेत आहे.’ हो किंवा नाही. त्याच्या जोडीला, किती मुलं आपणहून तुमच्याकडे आली आणि किती पाठवली गेली, याची महिनेवार संख्या, नावांशिवाय. हे आकडे मुख्याध्यापकांना द्या. तुमच्या पदाला वजन हवं असेल तर आणखी एक कागद सोबत ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी त्या सूचना आहेत. त्यात ताऱ्यांचा उल्लेख नाही.

अशाच पदांवरच्या ज्या इतर वाचकांना हे पत्र आपलंच वाटेल, त्यांनी निदान एक करावं. शिक्षक एखादं मूल ‘याला जरा सुधारून द्या’ म्हणून पाठवतात, तेव्हा मुलाला आत घेण्याआधी शिक्षकांना एक प्रश्न विचारावा : हे कधी होत नाही? एखाद्या तासाला, एखाद्या मित्राबरोबर, डबा खाऊन झाल्यावर ते मूल नीट वागत असेल, तर सुरुवात तिथून करता येते. पालकांनीही हाच प्रश्न घरी स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही.

तुमची खरी अडचण स्नेहसंमेलनाला येईल. संस्थाचालक येतील, ‘सद्गुण कुठे आहेत?’ म्हणतील. त्या दोन तुकड्यांना आपले प्रसंग स्वतःच लिहू द्या आणि रंगमंचावर करू द्या. परीक्षानळीचा, एसटी चुकल्याचा, प्रकल्प विकत आणल्याचा सुद्धा. संवाद तपासताना तुमचा लाल पेन शक्यतो आवरा. दहा-पंधरा मिनिटांचं होईल, पुढच्या रांगेतले हसतील, एखादा शिक्षक थोडा चपापेल. फोटो हवेत ना त्यांना, फोटोही मिळतील.